हजार किलोच्या आत

महागड्या स्पोर्ट्‌स कारचं अनावरण म्हटलं की पहिला आकडा येतो अश्वशक्तीचा. मग शून्यावरून शंभरला किती सेकंदांत पोचते ते, मग सर्वाधिक वेग. वजन मात्र माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर शोधावं लागतं. ऑगस्ट २०२० मध्ये गॉर्डन मरे ऑटोमोटिव्ह या छोट्या इंग्लिश कंपनीने टी.५० ही गाडी जगासमोर आणली. तिच्यात बारा सिलिंडरचं इंजिन होतं, मागे ४०० मिलिमीटर व्यासाचा पंखा होता, ड्रायव्हरची सीट मधोमध होती. तरी कंपनीच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होतं ते वजन: ९८६ किलो.

आपल्या रस्त्यांवरची स्विफ्ट साधारण एवढ्याच वजनाची असते. स्विफ्टची ताकद ८०-९० अश्वशक्तीच्या आसपास, टी.५०ची ६६३. त्याच काळातली बुगाटी शिरॉन १,५०० अश्वशक्तीची, आणि वजन १,९९५ किलो. म्हणजे काट्याच्या एका पारड्यात दोन टी.५० ठेवल्या तरी दुसऱ्या पारड्यातली एकटी शिरॉन जड ठरेल.

मी गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करते. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात, गाडीच्या आत कुणाला कधी दिसणार नाहीत अशा जागी बसणारे पत्र्याचे ब्रॅकेट, क्लिपा, आधार हे माझं काम. टी.५० मी चालवलेली नाही आणि चालवणारही नाही. शंभरच बनवायच्या असं ठरलं होतं, आणि किंमत कर सोडून २३.६ लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने २३ कोटींच्या आसपास. तरी या गाडीबद्दल जे हाती लागेल ते मी वाचत आले आहे. आमच्या धंद्यात रोज थोडी थोडी हातातून निसटणारी एक गोष्ट या कंपनीचे संस्थापक आणि टी.५०चे डिझायनर गॉर्डन मरे यांनी पन्नास वर्षं घट्ट धरून ठेवली, ती म्हणजे ग्रॅमचा हिशोब. त्या हिशोबाबद्दल मला मनापासून लिहायचं आहे.

वजन कधी एकटं येत नाही. इंजिन जड झालं की ते पेलणारी चौकट जाड करावी लागते. चौकट जड झाली की सस्पेन्शन दणकट हवं, थांबवायला ब्रेकच्या डिस्क मोठ्या हव्यात, त्या मावायला चाकं मोठी हवीत आणि चाकांवर टायर रुंद हवेत. रुंद टायर वळवायला स्टिअरिंगला मोटरची मदत लागते, मोटरला वायरिंग लागतं, वायरिंग धरायला माझ्यासारखीने केलेले ब्रॅकेट लागतात. एवढं सगळं ओढताना इंजिन अपुरं पडतं आणि मग ते आणखी मोठं करायचं. शिरॉनच्या पुढच्या ब्रेकची डिस्क ४२० मिलिमीटरची आहे, मागचे टायर ३५५ मिलिमीटर रुंद. टी.५०ला ३७० मिलिमीटरची डिस्क आणि २९५ मिलिमीटरचा टायर पुरतो. पार्किंगचा संथ वेग सोडला तर स्टिअरिंगलाही मोटरची मदत नाही; रस्ता थेट हातांना कळतो. एका ठिकाणी वाचवलेला किलो पुढच्या चार ठिकाणी आणखी थोडं थोडं वाचवतो. हे चक्र उलटं फिरवता येतं हे आम्हा सगळ्यांना पुस्तकातून माहीत असतं. ते शेवटपर्यंत फिरवत नेणारी माणसं फार थोडी.

कारण ते चक्र जिथून फिरवायचं ती जागा अगदी लहान असते. एकदा एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग घेऊन मी टूलरूममध्ये गेले होते. वायरिंगची जुडी धरून ठेवणारा दीड मिलिमीटर पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा. वजन घटवायला त्याच्या मधोमध मोठं भोक दिलेलं आणि भोकामुळे गेलेली ताकद परत यावी म्हणून कडेने एक रिब, म्हणजे पत्रा दाबून काढलेली उंच रेघ. टूलरूममधले काका माझ्या जन्माआधीपासून डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवत आलेले. त्यांनी ड्रॉइंग उजेडात धरलं.

"मॅडम, हे भोक कशाला?"

"वजन वाचतं, काका. अकरा ग्रॅम."

"बरं. आणि भोकाभोवतीचा पत्रा कशाला?"

प्रश्न माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. त्यांनी बोटाने शेजारच्या भागाची कड दाखवली. तिथे आधीपासूनच एक रिकामी पट्टी बाहेर आलेली होती. जुडीची क्लिप तिच्यावर सरळ बसत होती. ब्रॅकेटची गरजच नव्हती. ब्रॅकेट गेला तसे त्याचे दोन स्पॉट वेल्ड गेले, डाय गेली, स्टोअरमधली पेटी गेली, लाइनवर तो उचलून लावणाऱ्या माणसाची काही सेकंदं वाचली. काका तोवर दुसऱ्या जॉबकडे वळलेही होते.

टी.५०च्या माहितीत मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारी ओळ इंजिनाची नाही. नट, बोल्ट, ब्रॅकेट, फास्टनर असे नऊशेच्या आसपास बारीकसारीक भाग एकेक करून तपासून हलके केले, ही ती ओळ. ज्यांनी कधी डिझाइन रिव्ह्यूत बसून पाहिलं आहे त्यांना कळेल की हे केवढं काम आहे. बोल्ट ही कॅटलॉगातून उचलायची वस्तू असते. सहा मिलिमीटर जाडीचा पुरत असताना आठचा घेतला जातो, "असू दे, सेफ आहे" म्हणून. पंचवीस मिलिमीटर लांबी पुरत असते तिथे तीसचा बसतो, कारण तो स्टोअरमध्ये पडून आहे. नटाच्या बाहेर डोकावणारे ते जास्तीचे आटे काहीही धरून ठेवत नाहीत, गाडीच्या आयुष्यभर नुसते फुकट प्रवास करतात. त्या आट्यांसाठी मीटिंग लावणारा माणूस खर्चिक ठरतो, हट्टी ठरतो. मरे यांनी तो हट्ट कंपनीचा नियम करून टाकला.

बाकी यादीही त्याच हाताची आहे. काचा २८ टक्क्यांनी पातळ. ब्रेक-क्लचच्या पेडलांचा संच मरे यांच्याच आधीच्या मॅक्लारेन एफ-१ या गाडीपेक्षा ३०० ग्रॅमने हलका, आणि ती आधीची गाडीही हलकेपणासाठीच नावाजलेली. ड्रायव्हरची सीट ७ किलोची, दोन्ही बाजूंच्या प्रवाशांच्या सीटा तीन-तीन किलोच्या. दहा स्पीकरची म्युझिक सिस्टिम ३.९ किलोत. कार्बन फायबरचा सांगाडा बाहेरच्या सगळ्या पॅनेलसकट दीडशे किलोच्या आत.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. "कार्बन फायबर वापरलं की गाडी हलकी होतेच" असं आमच्या क्षेत्रातली माणसंसुद्धा म्हणतात. शिरॉनचा सांगाडाही कार्बन फायबरचाच आहे, तरी ती दोन टनांच्या घरात जाते. चांगलं मटेरियल हाती आलं की त्यातून वाचलेले किलो दुसऱ्या कशावर तरी उधळायची आपल्याला ओढ लागते: इंजिनात जास्त हवा कोंबणारे आणखी चार टर्बो, आणखी एक रेडिएटर, सीट गरम-गार करणारी आणखी एक मोटर. हलकी गाडी व्हायची तर वाचलेले किलो वाचलेलेच राहू द्यावे लागतात.

मरे यांचा जन्म १९४६ सालचा, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. तरुणपणी रेसिंग करायचं होतं, तयार रेसिंग कार घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून गाडी स्वतःच बांधली. ती टी.१. १९६९ मध्ये ते इंग्लंडला आले आणि ब्रॅबम या फॉर्म्युला वन संघात लागले. टी.५० हे नाव त्या पहिल्या गाडीपासूनच्या मोजणीतून आलेलं: त्यांची पन्नासावी गाडी, आणि कामाची पन्नास वर्षं. मला हे नाव आवडतं. प्राण्यांची, वाऱ्यांची, वादळांची नावं दिलेल्या गाड्यांच्या गर्दीत हे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून उचलल्यासारखं साधं आहे.

आता पंख्याबद्दल, कारण मागून पाहिल्यावर तो सगळ्यांच्या आधी डोळ्यांत भरतो. त्यासाठी १९७८ सालात जावं लागतं. त्या वर्षी लोटस संघाने गाडीच्या पोटाखाली असे बोगदे बसवले होते की खालून वेगाने जाणारी हवा दाब कमी करून गाडीला रस्त्याकडे खेचायची. वळणावर लोटस कुणाला ऐकत नव्हती. ब्रॅबमला तसे बोगदे करता येईनात, कारण त्यांचं अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं इंजिन आडवं पसरलेलं होतं आणि बोगद्यांची जागा नेमकी त्याच्या सिलिंडरांनी व्यापलेली. मरे यांनी मग गाडीच्या मागे मोठा पंखा लावला. तो इंजिनाच्या जोरावर फिरायचा आणि कडा झालरींनी बंद केलेल्या पोटाखालची हवा उपसून बाहेर टाकायचा. नियमांत हलणारी वायुगतिक साधनं चालत नव्हती. पंखा मुख्यतः इंजिन थंड करण्यासाठी आहे असा संघाचा युक्तिवाद, आणि रेडिएटरमधून हवा ओढण्याचं काम तो खरोखर करतही होता.

१७ जून १९७८, स्वीडनमधलं अँडरस्टॉर्प. गाडी उभी असताना पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण ठेवून तो लपवलेला. गाडीचा खरा वेग कुणाला कळू नये म्हणून पात्रता फेरीत ड्रायव्हरांना पेट्रोलच्या भरलेल्या टाकीनिशी सोडलेलं. शर्यतीत एका गाडीचं ऑइल ट्रॅकवर सांडलं, बाकीच्या गाड्या त्यावर घसरायला लागल्या आणि निकी लाउडा तिथूनच रस्ता धरून पुढे निघून गेला. तो अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. इतर संघांनी गदारोळ केला. संघाचे मालक बर्नी एक्लस्टन तेव्हा सगळ्या संघांच्या संघटनेचंही राजकारण सांभाळत होते. त्यांनी गाडी मागे घेतली. विजय कायम राहिला आणि ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही.

टी.५०चा पंखा बघून लोकांना वाटतं की ही त्याच युक्तीची पुनरावृत्ती आहे. तसं नाही, आणि फरक कळला की डिझाइनची खरी मजा कळते. १९७८चा पंखा झालरींच्या आतली हवाच उपसून टाकत होता. रस्त्यावरच्या गाडीला तसं चालणार नाही. स्पीडब्रेकर, खडी, चढ-उतार झालरी टिकू देणार नाहीत. टी.५०मध्ये पंख्याचं काम जास्त नाजूक आहे. गाडीच्या पोटाचा मागचा भाग वर चढत जातो, त्याला डिफ्यूजर म्हणतात. खालून आलेली हवा तिथे पसरते, आणि त्या पसरण्यामुळे पोटाखाली ओढ तयार होते. चढ जितका तीव्र तितकी ओढ जास्त. पण एका मर्यादेनंतर हवा त्या चढाला चिकटून राहत नाही. पृष्ठभागाला लागून वाहणारा हवेचा पातळ थर घर्षणाने दमलेला असतो. तो आधी रेंगाळतो, मग थांबतो, आणि त्याच्यामागे सगळा प्रवाह पृष्ठभागापासून सुटून भोवऱ्यांत जातो. ओढ गेली. म्हणून बहुतेक गाड्यांचे डिफ्यूजर बेताच्या चढाचे ठेवावे लागतात.

मरे यांनी चढ तीव्र ठेवला आणि त्यावर फटी काढल्या. पंखा त्या फटींतून फक्त तो दमलेला थर ओढून घेतो. वरचा ताजा प्रवाह मग चढाला चिकटून वाहत राहतो. पंखा ४८ व्होल्टच्या साडेआठ किलोवॉटच्या मोटरवर चालतो, मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत. मागच्या दोन हलणाऱ्या पट्ट्या आणि हवेच्या वाटांच्या झडपा त्याच्या जोडीला. जोरात ब्रेक दाबला की पट्ट्या उचलल्या जातात, पंखा वेग घेतो, आणि ताशी २४० किलोमीटरवरून थांबताना दहा मीटर अंतर वाचतं. सरळ रस्त्यावर उलटं करायचं: खालच्या फटी बंद, पंखा वरून येणारी हवा सरळ मागे फेकतो, आणि गाडीला शेपूट लांब असल्यासारखं वारं तिच्यामागे मिटत जातं. हवेचा अडथळा १२.५ टक्क्यांनी घटतो. मोठाले पंख आणि जबडे न लावता हे सगळं साधल्यामुळे गाडीचं अंग स्वच्छ राहिलं आहे. आजच्या बहुतेक सुपरकार बघताना मला त्यांच्या कडा, खाचा, भोकं यांनी थकायला होतं. टी.५०च्या बाजूवरून नजर न अडखळता फिरते, आणि त्याचं श्रेय स्टायलिंगइतकंच त्या पंख्याला आहे.

ही गाडी ज्या गाडीची पुढची पायरी आहे, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९८८ सालची इटालियन ग्रां प्री. मॅक्लारेन संघ त्या मोसमात १६ पैकी १५ शर्यती जिंकला. हरला ती हीच. परतताना मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाला उशीर झाला आणि संघाचे कर्तेधर्ते बोलत बसले: रस्त्यावरची गाडी करायची का? मरे तोवर ब्रॅबम सोडून मॅक्लारेनमध्ये आले होते. त्या गप्पांतून मॅक्लारेन एफ-१ जन्माला आली, १९९२ मध्ये अनावरण झालं, आणि रस्त्यावरच्या गाडीला संपूर्ण कार्बन फायबरचा सांगाडा देण्याचा पहिला मान तिला मिळाला. इंजिनासाठी मरे आधी होंडाकडे गेले होते. होंडाची एनएसएक्स चालवून ते इतके प्रभावित झाले होते की रोजच्या वापरातला शहाणपणा कसा असावा याचा मापदंड त्यांनी तिला मानलं. पुढे कित्येक वर्षं स्वतः वापरलीही. होंडाने नकार दिला. मग बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी ६.१ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन दिलं, ६२७ अश्वशक्तीचं. त्याच्या उष्णतेपासून सांगाडा वाचवायला इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा वर्ख लावला, कारण उष्णता परतवण्यात सोन्यासारखं हलकं आणि चोख काम दुसरं काही करत नव्हतं. वर्ख इतका पातळ की सोनं काही ग्रॅमच लागलं.

१९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या चाचणी ट्रॅकवर तिने ताशी ३८६ किलोमीटर गाठले. त्या काळातली जगातली सगळ्यात वेगवान गाडी म्हणून लोक तिला ओळखतात. मरे यांचं उद्दिष्ट तो आकडा कधीच नव्हतं, आणि टी.५०च्या वेळी त्यांनी तर विक्रमांची शर्यत सरळ बाजूला ठेवली. वेग हलकेपणाच्या मागून आला. हे एकदा लक्षात आलं की पुढची तीस वर्षं बाकी जगाने फक्त वेगाचा आकडा उचलला आणि कारण मागे सोडलं, याचं मला फार वाईट वाटतं.

टी.५०चं इंजिन नॉर्दॅम्प्टनच्या कॉसवर्थ कंपनीने केलं. ३.९ लिटर, बारा सिलिंडर, १७८ किलो, आणि मिनिटाला १२,१०० फेऱ्यांची मर्यादा. या शेवटच्या आकड्याशी जरा थांबते. आपल्या घरच्या गाडीचं इंजिन सहा-साडेसहा हजारांवर ओरडायला लागतं. १२,१०० म्हणजे सेकंदाला दोनशे फेऱ्या. प्रत्येक पिस्टन सेकंदात चारशे वेळा थांबतो आणि उलटा वळतो, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह शंभर वेळा उघडून मिटतो. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या पुढे जातो. अशा वेळी हलकेपणाची गरज हौसेच्या पलीकडे जाते. जड पिस्टन त्या उलट-सुलट ओढीने स्वतःलाच तोडेल. म्हणून कनेक्टिंग रॉड आणि व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, क्रँकशाफ्ट अवघी १३ किलोची, आणि व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी दात्यांची चाकं, कारण त्या वेगाला साखळी फडफडते. टर्बो नाही. टर्बो म्हणजे पाय दाबल्यावर क्षणभर वाट बघणं, आणि मरे यांना तो क्षणच नको होता. पाय दाबला की मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा सेकंदाला २८,००० च्या दराने चढतो. रिकाम्या फिरण्यापासून मर्यादेपर्यंत अर्धा सेकंदही लागत नाही.

हवा आत घेणारं तोंड ड्रायव्हरच्या डोक्यावर, छतात आहे. छताच्या कार्बन फायबरची जाडी अशी राखली आहे की इंजिनाच्या श्वासाचा आवाज छताच्या थरथरीतून आत उमटावा. आज कित्येक महागड्या गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून सोडतात. इथे छतच स्पीकरचं काम करतं, आणि त्यासाठी एक ग्रॅमही जास्तीचा लागत नाही.

मधोमध बसण्याची कल्पना मात्र दिखाऊ वाटते, आणि मलाही सुरुवातीला ती तशीच वाटत होती. तिच्यामागचं कारण पायांपाशी आहे. छोट्या, बुटक्या स्पोर्ट्‌स कारमध्ये पुढच्या चाकाची कमान ड्रायव्हरच्या पायांच्या जागेत घुसते. पेडल मग आतल्या बाजूला सरकवावे लागतात आणि माणूस कंबरेत किंचित पिळवटून गाडी चालवतो. सीट मध्यावर आणली की पाय दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत सरळ जातात. शिवाय डाव्या आणि उजव्या बाजूच्या देशांसाठी वेगवेगळे डॅशबोर्ड, वेगवेगळी स्टिअरिंगची जोडणी करावी लागत नाही. एकच गाडी सगळीकडे चालते. आमच्याकडे एका मॉडेलचे उजवे-डावे असे दोन अवतार सांभाळताना किती ड्रॉइंगं दुप्पट होतात ते आठवलं की मला या सीटचा हेवाच वाटतो. समोर एकच मोठा काट्याचा मीटर, १२० मिलिमीटरचा, फेऱ्या दाखवणारा. टचस्क्रीन नाही. बटणं अॅल्युमिनियममधून कोरलेली, हाताला ओळखू येणारी. सहा गिअर हाताने बदलायचे. ऐषाराम म्हणजे जाड गालिचा आणि मसाजची सीट अशी सवय झालेल्या ग्राहकाला हे विकायला धीर लागतो.

आता किमतीबद्दल. शंभर धनवंतांसाठी एवढी बुद्धी का खर्च करावी, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मला सतावतो. मरे यांच्या बाबतीत त्याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे, कारण याच माणसाने २०१० मध्ये टी.२५ नावाची शहरातली छोटी गाडी बनवली होती. ५७५ किलो, २.४ मीटर लांब, १.३ मीटर रुंद, तीन माणसांची, आणि तिथेही ड्रायव्हर मधोमध. सगळं पुढचं छत वर उचलून आत शिरायचं. एका गाडीच्या पार्किंगमध्ये अशा तीन आडव्या मावत. तिच्यासाठी त्यांनी नळ्यांची चौकट आणि त्यावर कंपोझिटचे पॅनेल अशी कारखान्याचा खर्च उतरवणारी पद्धतही तयार केली. कुठल्याही मोठ्या कंपनीने ती गाडी बाजारात आणली नाही. २०१६ मध्ये त्यांनी ऑक्स हा सुटा-सुटा करून पेटीत पाठवता येणारा ट्रक दाखवला, आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी; मागच्या बाकांचा सांगाडा काढून तो रुतलेल्या चाकांखाली घालता यायचा. त्यालाही फार पुढे जाता आलं नाही. ज्या हलकेपणाची गरज पुण्याच्या कर्वे रस्त्याला आणि मुंबईच्या गल्ल्यांना आहे, त्याला गिऱ्हाईक मिळालं ते २३ कोटींच्या गाडीत. याचा दोष मी मरे यांना देत नाही. पण टी.५०चं कौतुक करताना टी.२५ विसरली जाऊ नये असं मला फार वाटतं.

आणि आपण हे करून पाहिलं आहे. पिंपरी-चिंचवडच्या टाटा मोटर्समध्ये गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली नॅनो घडली, जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत जगाने ती पाहिली. सहाशे किलोच्या घरातली गाडी. पुढे एकच वायपर. चाकाला चारच्या जागी तीन नट. नॅनोचं बाजारात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तिच्यावर पुष्कळ हसून झालं आहे. मला मात्र ते तीन नट बघून नेहमी आदर वाटतो. चौथा नट काढायचा तर चाकाच्या हबचं गणित नव्याने करावं लागतं, भार तीन ठिकाणी वाटावा लागतो, चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. नॅनोत ग्रॅम पैशांत मोजला जात होता आणि टी.५०मध्ये पौंडांची फिकीर न करता मोजला गेला, पण "हा इथे का आहे?" हा प्रश्न दोन्हीकडे तेवढ्याच सचोटीने विचारलेला दिसतो. माझ्या मते अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी शिकवाव्यात.

वारं सध्या दुसरीकडे वाहतं आहे. इटलीची पिनिनफरिना २०१५ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाने घेतली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीची बॅटिस्टा ही विजेवरची गाडी १,९०० अश्वशक्तीची आहे. १२० किलोवॉट-अवरची बॅटरी, चार चाकांना चार मोटरी, अंगावर पिनिनफरिनाची ती देखणी वळणं, आणि वजन दोन टनांच्या वर. तिच्या मालकीत आपला वाटा आहे याचा मला आनंद आहे. पण तिचे आकडे वाचताना माझं लक्ष बॅटरीच्या किलोंवर जाऊन अडतं. आमच्या भागातली नवी कामंही आता बहुतेक विजेवरच्या गाड्यांची येतात. बॅटरीनेच एवढं वजन घेतल्यावर एका ब्रॅकेटच्या अकरा ग्रॅमनी काय होणार, असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. मला उलट वाटतं. पेट्रोलच्या गाडीत जास्तीचा किलो ओढायला थोडं जास्त पेट्रोल लागतं. विजेच्या गाडीत तेवढंच अंतर गाठायला बॅटरी मोठी करावी लागते, आणि ती बॅटरी स्वतःच जड. चक्र तेच, फक्त जास्त वेगाने फिरणारं. ग्रॅमची गरज आता पूर्वीपेक्षा वाढली आहे, आणि नेमकं आता तिच्याबद्दल बोलणं कमी झालं आहे.

टी.५० कधी समोर आलीच तर तिच्या मधल्या सीटवर बसायला मिळावं असा माझा हट्ट नाही. ती लिफ्टवर चढवलेली, पोटाखालचं पॅनेल काढलेलं असावं आणि मला खाली उभं राहून बघायला मिळावं. डिफ्यूजरवरच्या फटी किती रुंद आहेत, गिअरच्या दांडीची जोडणी मागच्या गिअरबॉक्सपर्यंत कशी नेली आहे, वायरिंगच्या जुड्या कशाला धरून ठेवल्या आहेत आणि त्यासाठी वेगळा ब्रॅकेट आहे की दुसऱ्याच कशाच्या कडेवर काम भागवलं आहे. आणि तिथे काम करणाऱ्या फिटरला मला विचारायचं आहे की हा बोल्ट पहिल्या ड्रॉइंगमध्ये किती लांब होता, आणि तो कमी करायला कुणी लावला.